३६४ ते ८९१.४६ : गुन्ह्याच्या इतिहासाची साधने शोधताना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एम.ए.च्या वर्गात एक विद्यार्थिनी लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'वरील आपल्या लघुप्रबंधाचा मसुदा वाचून दाखवत होती. पहिल्या प्रकरणाचे शीर्षक नेहमीप्रमाणे 'सामाजिक पार्श्वभूमी' असे होते. उचल्या समाजाचा पेहराव, बोली, वेषांतराच्या तऱ्हा, चोरीच्या पद्धती, चोरलेला माल दडवण्याच्या युक्त्या, सगळे तिने तपशीलवार नोंदवले होते. संदर्भ एका इंग्रजी ग्रंथाचा होता आणि त्यापुढे साल १९८० च्या दशकातले होते. मसुदा नीटनेटका होता. वाचन संपले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हे पुस्तक कुणी लिहिलंय?" तिने लेखकाचे नाव सांगितले. मुलगा म्हणाला, "नाव कळलं. पण हा माणूस कोण?"

हा मुलगा त्याच समाजातला आहे हे मला ठाऊक होते. वर्गात इतर कुणाला ते ठाऊक नसावे. विद्यार्थिनीजवळ उत्तर नव्हते. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या क्षणी माझ्याजवळही नव्हते. तास संपल्यावर मी ग्रंथालयात गेलो आणि ते पुस्तक काढून पाहिले. ते एम. केनेडी यांचे होते. केनेडी हे मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक. त्यांचे मूळ पुस्तक मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांविषयीच्या टिपणांचे, १९०८ साली सरकारी छापखान्यातून निघालेले. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एका प्रकाशनसंस्थेने ते पुन्हा छापले तेव्हा नावातला 'मुंबई इलाखा' गेला आणि 'भारत' आला. पोलीस अधिकाऱ्याने आपल्या हाताखालच्या अंमलदारांसाठी तयार केलेली मार्गदर्शिका अशा रीतीने पाऊणशे वर्षांनंतर साऱ्या भारताविषयीचा समाजशास्त्रीय ग्रंथ होऊन आमच्या कपाटात येऊन बसली होती. विद्यार्थिनीने फसवणूक केली नव्हती. तिला ग्रंथाने फसवले होते, आणि ग्रंथ कसा तपासावा हे आम्ही शिक्षकांनी तिला कधी शिकवलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली. ड्यूई दशांश वर्गीकरणात गुन्हेगारीशास्त्राचा क्रमांक ३६४. केनेडी तिथे होते. मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. 'उचल्या' तिथे, पलीकडच्या दालनात. एकाच समाजाविषयीची ही दोन पुस्तके. पण एक 'शास्त्र' म्हणून लावलेले, दुसरे 'साहित्य' म्हणून. वाचकाच्या मनावर या मांडणीचा परिणाम नकळत होतो. ३६४ मध्ये तो माहिती शोधायला जातो आणि ८९१.४६ मध्ये अनुभव. म्हणजे पोलीस अधिकाऱ्याचे म्हणणे हे तथ्य ठरते आणि ज्याच्याविषयी ते म्हटले गेले त्याचे म्हणणे ही भावना ठरते. गुन्ह्याच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला पहिला प्रवास करावा लागतो तो या दोन कपाटांमधला. प्रस्तुत लेखात त्या प्रवासातील काही टप्प्यांचा विचार करायचा आहे.

१

पहिला टप्पा शब्दांचा. ग्रंथालयाच्या सूचीत आपण जो शब्द घेऊन जातो, त्या शब्दाच्या काळातलीच साधने आपल्या हाती लागतात. 'विमुक्त' हा शब्द घेऊन गेलेल्या अभ्यासकाला स्वातंत्र्योत्तर लेखन सापडेल. कारण 'गुन्हेगार जमातींचा कायदा' मुंबई राज्यात १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यातून 'मुक्त' झालेल्यांना हे नाव नंतर मिळाले. त्याआधीचे कागद हवे असतील तर 'गुन्हेगार जाती', 'गुन्हेगार वर्ग' हे आज उच्चारायला नकोसे वाटणारे शब्दच शोधावे लागतात. त्यापुढचे कागद 'सराईत गुन्हेगार' या शब्दाखाली सापडतात. मुंबई राज्याने १९५९ साली या नावाचा कायदा केला. एकाच लोकसमूहाच्या शंभर वर्षांच्या इतिहासासाठी तीन वेगवेगळ्या शब्दांनी तीन वेळा सूची चाळावी लागते. शिवाय रोमन लिपीतील लेखनभेद आहेतच. रामोशी हे नाव एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ग्रंथात आजच्या वाचकाला पटकन ओळखू येणार नाही अशा अक्षरांत लिहिलेले असते. उचले एके ठिकाणी त्याच नावाने येतात, दुसरीकडे भामटे म्हणून.

'भामटा' या शब्दाशी साहित्याच्या अभ्यासकाने जरा थांबायला हवे. आज मराठीत भामटा म्हणजे फसव्या माणूस. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये ते एका जातीचे नाव आहे. आणि महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही ते जातिनाम म्हणूनच छापलेले आहे. सवलतीसाठी दाखला मागायला गेलेल्या माणसाला जे नाव लिहून द्यावे लागते, तेच नाव शिवी म्हणून शेजारी वापरतात. कायदा गेला, शब्द राहिला.

याच्या उलट अडचण मराठेशाहीच्या कागदांत येते. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात 'गुन्हेगारी' हा शब्द भेटला की नवा अभ्यासक हरखून जातो. पण तिथे या शब्दाचा अर्थ बहुधा 'दंड' असा असतो. अपराध्याकडून वसूल केलेली रक्कम म्हणजे गुन्हेगारी. ते जमेचे एक कलम आहे. मोल्सवर्थच्या कोशातही दंड हा अर्थ नोंदलेला आहे. एखाद्या परगण्याच्या हिशेबात गुन्हेगारीची रक्कम वाढलेली दिसली, म्हणून तिथे अपराध वाढले असे म्हणता येत नाही; वसुली कडक झाली असेल, किंवा अंमलदार बदलला असेल. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठ्यांच्या न्यायपद्धतीची जी मांडणी केली, ती अशा कागदांकडे जाण्यापूर्वी वाचणे उपयुक्त ठरते. न्यायाची भाषा समजल्याशिवाय अपराधाची भाषा समजत नाही.

२

दुसरा टप्पा हद्दीचा. साहित्याच्या वर्गात आपण 'उपरा', 'उचल्या' आणि 'बेरड' ही तीन आत्मकथने एका दमात घेतो. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आणि भीमराव गस्ती यांचे 'बेरड' १९८७ ची. प्रवाह एक, म्हणून पार्श्वभूमीही एकच धरली जाते आणि तिन्हींसाठी मुंबई इलाख्याचे तेच दोन-तीन ग्रंथ वापरले जातात. पण गुन्ह्याचा कागद हा नेहमी कुठल्या तरी सरकारचा कागद असतो, आणि ही तीन आत्मकथने तीन निरनिराळ्या सत्तांच्या प्रदेशांतून आलेली आहेत.

'उचल्या' लातूर परिसरातले. तो भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. केनेडी यांची पोलीस सत्ता तिथे चालत नव्हती. त्या भागाचे सरकारी कागद शोधायचे तर हैदराबादला, आजच्या तेलंगण राज्याच्या पुराभिलेखागारात जावे लागेल, आणि सोबत फारसी-उर्दू वाचणारा मित्र न्यावा लागेल. 'बेरड' बेळगाव परिसरातले. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबईच्या अमलाखाली होता. म्हणून आज कर्नाटकात असलेल्या या समाजाचे जुने कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात, न्याय आणि गृह खात्यांच्या दफ्तरांत शोधावे लागतात. 'उपरा'तील फलटणचा प्रदेश हे तर स्वतंत्र संस्थान होते. संस्थानाच्या सीमेपलीकडे गेले की इंग्रज अंमलदाराच्या लेखी माणूस 'बाहेरून आलेला' होई. केनेडी यांच्या पुस्तकाला बाहेरून येणाऱ्या गुन्हेगारांविषयीची स्वतंत्र परिशिष्टे जोडलेली आहेत. ज्यांचे जगणेच फिरस्तीचे, ते कुठल्या ना कुठल्या हद्दीत नेहमीच परके ठरणार.

म्हणून कोणतेही साधन हाती आले की पहिला प्रश्न, हे कोणत्या हद्दीत लिहिले गेले? दुसरा, माझा विषय त्या हद्दीत येतो का? हे प्रश्न विचारले असते तर लातूरच्या आत्मकथनाची 'सामाजिक पार्श्वभूमी' मुंबईच्या पोलीस मार्गदर्शिकेतून उचलली गेली नसती.

३

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. एकाच गोष्टीला दहा ग्रंथ दुजोरा देतात, तेव्हा ती खरी आहे असे आपण मानतो. पण दहा ग्रंथ म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. ते कधी कधी एकाच साक्षीदाराचे दहा प्रतिध्वनी असतात.

मुंबई इलाख्याची परंपरा पाहा. मेजर ई. जे. गंथॉर्प यांनी मुंबई, वऱ्हाड आणि मध्य प्रांतांतील गुन्हेगार जमातींविषयीची टिपणे १८८२ मध्ये प्रसिद्ध केली. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या गॅझेटियरांचे खंड त्याच सुमाराचे. १९०८ मध्ये केनेडी. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतांतील जातिजमातींवरील चार खंड. त्यांत गुन्हेगार म्हटल्या गेलेल्या जातींविषयी लिहिताना गंथॉर्प आणि केनेडी यांचे हवाले येतात. मग १९२० ते १९२२ या काळात मुंबईच्या जातिजमातींविषयीचे एन्थोव्हेन यांचे तीन खंड. विसाव्या शतकातील अनेक मराठी लेख या खंडांवर उभे आहेत. कपाटात ही पुस्तके शेजारी शेजारी मांडली की पुराव्याची भिंत उभी राहिल्यासारखे वाटते. पण तळटिपा धरून मागे मागे जावे तर पुष्कळदा पायाशी एकच वीट सापडते, एखाद्या ठाण्यावरील अंमलदाराची नोंद. म्हणून तळटीप ही नुसती शोभा किंवा शिस्त नव्हे. विधानाचा कुलवृत्तान्त तिच्यात असतो.

इथे कालक्रमही बोलका आहे. १८७१ चा मूळ कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. मुंबई आणि मद्रास इलाख्यांना तो १९११ च्या नव्या कायद्याने कक्षेत घेता आला. म्हणजे आपल्याकडे 'गुन्हेगार जाती' आधी पुस्तकात आल्या आणि नंतर कायद्यात. पुस्तकांनी कायद्याचे वर्णन केले नाही. यादी कशी असावी याचा साचा आधी पुस्तकांनी तयार केला.

अशा ग्रंथाचे मूल्यमापन करताना मजकुराइतकेच त्याच्या रकान्यांकडे पाहावे. साहित्याचा विद्यार्थी हे काम इतरांपेक्षा चांगले करू शकतो, कारण रचनेकडे पाहण्याची त्याला सवय असते. केनेडी यांनी प्रत्येक समाजाची माहिती ठरावीक मथळ्यांखाली दिली आहे : वावराचा प्रदेश, लोकसंख्या, रूप आणि पेहराव, बोली, वेषांतर, गुन्ह्यांचे प्रकार, हत्यारे, मालाची विल्हेवाट. यांतच एक मथळा उपजीविकेचा आहे. पण नुसता 'उपजीविका' असा नाही. 'दाखवण्यापुरती उपजीविका' अशा अर्थाचा आहे. हा एक शब्द सारे प्रकरण ठरवून टाकतो. या मथळ्याखाली काहीही लिहिले तरी ते खोटेच ठरणार. कैकाडी टोपल्या विणतो, हे वाक्य तिथे आले की टोपली हे सोंग होते. आता 'उपरा' उघडावे. तिथे टोपल्या आहेत, गाढवे आहेत, पाठीवरचे बिऱ्हाड आहे आणि दिवसभराच्या विणकामानंतरही न भरणारे पोट आहे. तीच टोपली. एका रकान्यात ती वेषांतर आहे, दुसऱ्या पुस्तकात भाकरी आहे. कोणते पुस्तक 'शास्त्र' म्हणायचे?

कैकाड्यांशी नाते असलेल्या दक्षिणेतील कोरवांविषयी मीना राधाकृष्ण यांनी २००१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखवले आहे की ते एके काळी मीठ आणि धान्य यांची ने-आण करणारे फिरते व्यापारी होते. रेल्वे आणि मिठाविषयीचे सरकारी धोरण यांनी तो धंदा मोडला. पोलिसांच्या पुस्तकात मोडलेल्या धंद्याचा रकानाच नव्हता. म्हणून तो इतिहास तिथे दिसत नाही. साधनात काय आहे यासोबत, त्यात काय असण्याची सोयच नव्हती, हेही विचारावे लागते.

रामोशांचे उदाहरणही असेच आहे. मराठेशाहीत गावाची आणि गडाची राखण करणारा हा समाज. त्यांच्यावरील पहिला मोठा इंग्रजी ग्रंथ कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश यांचा, १८३३ मध्ये मुंबईत छापलेला. उमाजी नाईकांचे चरित्र त्यातच आहे. आणि उमाजींना पकडण्याच्या मोहिमेत हेच मॅकिंटॉश होते. पकडणाऱ्यानेच लिहिलेले हे पकडल्या गेलेल्याचे चरित्र. ते टाकून द्यावे का? मुळीच नाही, इतक्या जवळून लिहिलेले दुसरे साधन मिळणे कठीण. उमाजींच्या फाशीचे साल सामान्यतः १८३२ दिले जाते, पण काही ठिकाणी १८३४ असेही आढळते. असा घोळ सोडवायचा तर १८३३ साली छापलेला हा ग्रंथ उघडणे ही पहिली पायरी होय. मात्र तारखांसाठी त्याच्यावर जेवढा विश्वास टाकावा, तेवढा हेतूंसाठी टाकू नये. एकच साधन एका प्रश्नासाठी विश्वसनीय आणि दुसऱ्यासाठी अविश्वसनीय असू शकते. साधन चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी चांगले, असे विचारायला हवे.

जाता जाता अवतरणांविषयी. विणकर आणि सुतार जसे पिढीजात, तसे गुन्हेगारही पिढीजात, अशा आशयाचे एक विधान १८७१ च्या कायद्याच्या समर्थनार्थ केलेले म्हणून शेकडो लेखांत दिले जाते. काही ठिकाणी ते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या नावावर असते, तर काही ठिकाणी टी. व्ही. स्टीफन्स अशा नावावर. त्या वेळी गव्हर्नर जनरलच्या मंडळातील कायदेविषयक सदस्य होते ते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. नावातला हा फरक एका लेखातून दुसऱ्यात उतरत राहिला, कारण उतरवून घेणाऱ्यांनी कायदेमंडळाचे छापील कामकाज उघडले नाही. जे आपल्या बाजूचे आहे तेही तपासावे लागते. किंबहुना तेच आधी तपासावे, कारण प्रतिपक्ष ते तपासणारच असतो.

४

आकडे निर्विकार असतात, असा एक समज साहित्याच्या माणसांत आहे. तो आदरापोटी असेल किंवा भीतीपोटी. गुन्ह्यांचे आकडे मात्र गुन्ह्यांचे नसतात. ते नोंदींचे असतात. १८७१ च्या कायद्याने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की त्या जाहीरनाम्याला न्यायालयात आव्हान देता येत नव्हते. नोंद झालेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. हजेरी चुकली तर तो गुन्हा. आता एखाद्या जमातीतील शिक्षा झालेल्यांची संख्या वार्षिक अहवालात वाढलेली दिसली, तर तिच्यात दरोडे किती आणि आजारी आईला पाहायला परवान्याविना दुसऱ्या गावी गेलेले किती? एकूण आकडा हे सांगत नाही. आधी कायद्याने गुन्हा निर्माण केला, मग अहवालाने तो मोजला, आणि ती मोजदाद कायद्याच्या समर्थनार्थ वापरली गेली. आकड्यांपूर्वी कायद्याचा मजकूर वाचावा, तो याचसाठी.

आजचे आकडेही असेच उकलून वाचावे लागतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला. त्याच्या वार्षिक अहवालांत एका प्राथमिक खबरीत अनेक अपराध असतील, तर सर्वांत गंभीर अपराधच मोजणीसाठी धरण्याची पद्धत आहे. खुनासोबत घडलेला दुसरा अपराध त्या मोजणीत लुप्त होतो. ही लबाडी नव्हे, पद्धत आहे. पण अहवालातील पद्धतीविषयीची पाने न वाचता कोष्टक उतरवून घेणारा अभ्यासक मात्र चुकतो.

५

इथवर परक्यांच्या ग्रंथांविषयी बोललो. आपल्या भाषेतील साधनांना हाच न्याय लावतो का? त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) हा मराठीतील थोर ग्रंथ. त्याची भाषा, निरीक्षण, खेड्याच्या अर्थव्यवहाराची जाण, सारेच असे की आपण तो विद्यार्थ्यांना आग्रहाने वाचायला सांगतो. त्यात 'फिरस्ते' या प्रकरणात भटक्या समाजांचे दर्शन घडते. पण ते कुठून घडते? गावाच्या वेशीच्या आतून. आत्रे सरकारी नोकरीत होते. त्यांनी 'गुन्हेगार जाती' या नावाचेही पुस्तक लिहिले होते. कुणब्याविषयीच्या त्यांच्या कळवळ्यात खोट नाही. परंतु त्या कळवळ्याच्याच दृष्टीतून वेशीबाहेर पाल ठोकणारा माणूस गावावरचा भार म्हणून दिसतो. 'गावगाडा' हे गावाला फिरस्ते कसे दिसत होते याचे अस्सल साधन आहे. फिरस्ते कसे होते याचे साधन म्हणून ते वापरायचे, तर पालाच्या आतून लिहिलेले दुसरे काहीतरी सोबत हवे. मराठीत ते यायला पासष्ट वर्षे लागली.

आणि आता 'उचल्या'. आत्मकथन हेही साधनच आहे. ते पवित्र मानून तपासणीतून सोडणे हा त्याचा सन्मान नव्हे. ते प्रौढपणी आठवून लिहिलेले असते, विशिष्ट वाचकासमोर मांडलेले असते, चळवळीच्या एका क्षणी लिहिलेले असते. 'उचल्या'त चोरीचे वर्णन आहे, लहान मुलांना दिल्या जाणाऱ्या शिक्षणाचेही आहे. एवढे वेचून, "पाहा, केनेडी यांचेच म्हणणे खरे ठरले," असे म्हणणारा वाचक मला भेटलेला आहे. त्याने दोन विधाने एक केली. काही माणसे पोटासाठी चोरी करत होती, हे 'उचल्या' सांगते. ही माणसे जन्माने चोर आहेत, हे केनेडी यांच्या पुस्तकाचे गृहीत आहे. पहिल्या विधानात भूक आहे, काम नाकारणारा समाज आहे, हप्ता घेणारा पोलीस आहे. दुसऱ्यात फक्त रक्त आहे. पोलीस अधिकाऱ्याच्या पुस्तकात एक पात्र कधीच येत नाही, ते म्हणजे पोलीस. आत्मकथनात ते पानोपानी आहे. दोन्ही पुस्तके समोरासमोर ठेवली तरच ही गैरहजेरी दिसते. रणजित गुहा यांनी १९८३ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात शेतकरी उठावांच्या साधनांविषयी हेच दाखवले. अंमलदाराचा तातडीचा अहवाल, नंतरच्या आठवणी आणि त्याही नंतरचा इतिहासग्रंथ अशा तीन थरांतून सत्तेची भाषा पुढे सरकते आणि प्रत्येक थरात अधिक तटस्थ भासू लागते.

साधने एकरंगी नसतात, हेही याच तपासणीतून कळते. मुंबई इलाख्यात गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे प्रमुख अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट होते. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर येथील वसाहती त्यांच्या खात्याच्या. वसाहतीतील माणसे गिरण्यांना मजूर म्हणून मिळत. सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द आजही वस्तीचे नाव म्हणून वापरात आहे. हेच स्टार्ट १९२८ मध्ये मुंबई सरकारने दलित आणि आदिम जमातींसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य. या समितीचा १९३० चा अहवाल आणि वसाहतींचे वार्षिक अहवाल शेजारी ठेवून वाचले तर एकाच अधिकाऱ्याचे दोन आवाज ऐकू येतात, एक सुधारकाचा आणि एक पहारेकऱ्याचा. त्यातला एक खरा नि दुसरा खोटा असे म्हणण्याची घाई करू नये.

६

त्या विद्यार्थिनीने लघुप्रबंधाचे पहिले प्रकरण पुन्हा लिहिले. 'सामाजिक पार्श्वभूमी' हे शीर्षक काढून तिने तिथे 'उचल्या समाजाविषयी कुणी काय लिहिले' असे साधे शीर्षक दिले. केनेडी त्यात राहिले, पण १९०८ या सालासह, पदासह आणि त्यांच्या मथळ्यांच्या चर्चेसह. आधी ते तिचे आधार होते. आता ते तिच्या अभ्यासाचा विषय झाले. साधनाचे मूल्यमापन म्हणजे साधन बाद करणे नव्हे. साधनाची जागा बदलणे, एवढाच त्याचा अर्थ.

हे सारे जुन्या पुस्तकांपुरते आहे असे कुणास वाटेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. विमुक्त जमातींचा सराईत गुन्हेगारांशी संबंध जोडणारी वर्णनेही त्यांत होती. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाली होती. त्या नियमावल्यांतही मजकूर एका आवृत्तीतून दुसरीत, बहुधा कुणी न वाचता, उतरत आला असणार. आमच्या वर्गात जे घडले तेच तिथे घडले. फरक इतकाच की वर्गात एका मुलाचा चेहरा उतरला, आणि तुरुंगात त्या मजकुरावरून माणसाला काम आणि कोठडी दिली जात होती.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाने आम्हाला संशोधनपद्धतीचे पुस्तक दिले नाही. "हा माणूस कोण?" एवढेच विचारले. ग्रंथालयात शिरताना हा प्रश्न सोबत असला, की ३६४ आणि ८९१.४६ या दोन दालनांतले अंतर चालून जाता येते. परतताना हातात दोन्हीकडची पुस्तके असावीत.